आजारी माणसानं आजारी दिसावं

कॅन्सर म्हटल्यावर तुम्ही रुमाल काढला असेल, तर परत खिशात ठेवा. या गोष्टीत कोणी मरत नाही. नवस नाही, शेवटची इच्छा नाही, खिडकीत बसून पाखरं बघणं नाही. एक हात आहे आणि तो वर जायचाय. बस. आणि तो वर जाऊ नये म्हणून उल्हासनगरपासून बदलापूरपर्यंतचे आमचे सगळे नातेवाईक मोसंबी घेऊन येत होते.

हात आईचा. नव्वदच्या आसपास आम्ही अंबरनाथला फॅक्टरीच्या क्वार्टरमध्ये राहायचो. आईच्या छातीचं ऑपरेशन मुंबईला झालं, काखेतल्या गाठीही काढल्या. डावा हात खांद्याच्या वर जाईना. तिथे व्यायाम शिकवणाऱ्या एक बाई होत्या. त्यांनी आईला तोंडावर सांगितलं, "पुढच्या महिन्यात मशीनवर किरणांचा शेक द्यायचाय. त्याच्याखाली हात डोक्यावर घेऊन झोपावं लागतं. हात वर गेला नाही तर शेक थांबेल. आणि शेक थांबला तर एवढं कापलं कशाला?"

व्यायाम साधेच. भिंतीसमोर उभं राहून बोटांनी भिंत चढायची. दुसरा म्हणजे दाराच्या चौकटीला कप्पी लावायची, दोरीची दोन टोकं दोन हातांत धरायची. चांगल्या हाताने खाली ओढलं की आजारी हात वर. कप्पी आणायला मी उल्हासनगरला गेलो. दुकानदार सिंधी. म्हणाला, "साईं, घर में कुआँ है क्या?" म्हटलं, "नहीं, माँ है." त्याला काय कळलं कोण जाणे, दोरी फुकट दिली.

दोरी ओढताना आई ओठ चावायची. मग मी नकला करायचो. फॅक्टरीचा भोंगा, बाबांचे फोरमन, पाण्यावरून भांडणारी समोरची वहिनी. आई हसायला लागली की हात थोडा जास्त वर जायचा, तिच्या लक्षातही यायचं नाही. चहाबरोबर दुखण्याची गोळी, अर्ध्या तासाने व्यायाम, असं आमचं मस्त चाललं होतं.

पण तीच भेटायला येणाऱ्यांची वेळ. आणि बाबांचा कायदा असा की कडी वाजली की आईने पलंगावर जायचं, चादर छातीपर्यंत घ्यायची. कप्पीवर ते टॉवेल टाकायचे. मी एकदा विचारलं, "का पण?"

"लोक लांबून येतात. आजारी माणसानं आजारी दिसायला पाहिजे. दोरी ओढताना बघितलं तर म्हणतील, हिला काय धाड भरलीय?"

म्हणजे गोळीचा असर सगळा चादरीखाली वाया. पाहुणे गेल्यावर दुखायला लागायचं, मग व्यायाम उद्यावर. बरं, आलेले करायचे काय? कॅन्सर म्हणायचे नाहीत, 'ते' म्हणायचे. "ते परत होतं का हो?" चहा विचारला की सगळ्यांनी आत्ताच घेतलेला असायचा. आमच्या कपाला जणू ते चिकटलं होतं. आठवडाभर अशी रांग लागली आणि आईचा हात चढायच्या ऐवजी खाली उतरला. माझं डोकं तापत होतं, पण बाबांसमोर बोलायची सोय नव्हती.

रविवारी बदलापूरहून काका-काकू आले. समोरची वहिनीही येऊन बसली. काकूने आईचा हात बघितला आणि म्हणाली, "अगं, असा मोकळा काय सोडलायस? टाके उसवतील."

"टाके काढले, ताई," आई म्हणाली.

"वरचे काढले. आतले?" असं म्हणून काकूने पिशवीतली ओढणी काढली, आईचा हात घडी केला आणि गळ्यात बांधून टाकला. वर गाठ मारली. "आता महिनाभर हलवायचा नाही. बघ कशी बरी होतेस."

आईची नजर गाठीवर होती. बाबा मान डोलावत होते.

माझं सटकलं. मी पलंगाशेजारी फरशीवर आडवा झालो, उशीचा अभ्रा छातीवर ओढला आणि आईच्या आवाजात कण्हलो, "आई गं, या ताई, बसा. चहा?" मग काकूच्या आवाजात, "नको गं, आत्ताच घेतला." मग काकांचं खाकरणं, "डॉक्टर लोकांना काय कळतं." वहिनी फिसकन हसली, मग पदर तोंडात कोंबला. मी थांबायला पाहिजे होतं असं सगळे म्हणतात. मी नाही म्हणत. मी काकूचा आवाज पुढे चालवला, "हात बांधून ठेव हो. शेक नाही मिळाला तर नाही मिळाला. आम्ही मोसंबी घेऊन तेराव्यालाही येऊ."

काकू उठली. मोसंबीची पिशवीसुद्धा उचलली. काका चप्पल घालता घालता बाबांना एवढंच म्हणाले, "चांगलं वळण लावलंयस."

दार लागलं आणि बाबा सुरू झाले. मोठा भाऊ आहे माझा, कळतं का? थोबाड फोडीन. उद्या कोणाच्या दारात जायचं आम्ही? नकलाच करायच्या तर तमाशात जा. मी उलट बोलणार तेवढ्यात आई म्हणाली, "अहो, थांबा. याला मी बघते."

एका हाताने आणि दाताने तिने ओढणीची गाठ सोडली.

"मी अशी कण्हते? एकदा तरी कण्हले का रे तुझ्यासमोर? त्यांच्या नकला कर, माझी कशाला केलीस? आणि माझं तेरावं कोणाला विचारून घातलंस? हात माझा, जाऊ माझी, तिला काय सांगायचं ते माझ्या तोंडाने सांगितलं असतं. गाठ कशी सोडायची तेच बघत होते मी, तेवढ्यात तू फरशीवर लोळलास. उद्या बदलापूरला जायचं, काकूच्या पाया पडायचं. आणि सांगायचं, आई चहानंतर व्यायाम करते, यायचं तर या, पण ती उभी असेल. काकूच्या आवाजात नाही, तुझ्या आवाजात सांगायचं. आणि दात काढू नकोस. मी हसत नाहीये."