आबांनी घेतलेली मुलाखत

लेकीला मुलाखतीच्या क्लासला घालायचं ठरलं, तेव्हा सगळ्यांत आधी विरोध केला तो मी. दूरच्या एका नामांकित विद्यापीठाची लेखी परीक्षा ती पास झाली होती. राहिली होती फक्त मुलाखत, आणि ती नीट झाली तरच प्रवेश. पिंपरीतल्या त्या क्लासची फी ऐकून मी नवऱ्याला म्हटलं, घरात जिच्या तोंडाला कुलूप नाही, तिला बोलायला शिकवायचे पैसे कसले? तो म्हणाला, घरात बोलते गं, चारचौघांत बोलते का? तेही खरंच होतं. मोठ्या माणसानं काही विचारलं की तिची मान खाली जायची आणि आवाज घशातच राहायचा.

महिनाभर ती आमच्या महाळुंग्याहून पिंपरीला ये-जा करत राहिली. कसं बसायचं, हात कुठे ठेवायचे, उत्तराची सुरुवात कशी करायची, सगळं पाठ झालं. मान मात्र खालीच. शेवटी क्लासच्या बाईंनी सुचवलं, घरी सराव घ्या, आणि ज्यांचा तिला धाक वाटतो त्यांनाच समोर बसवा.

धाक म्हटल्यावर आमच्याकडे एकच माणूस, माझे थोरले दीर. घरात सगळे त्यांना आबा म्हणतात. शेताच्या जागी भाड्याच्या खोल्या उभ्या राहिल्या, तरी आबांच्या शब्दापुढे अजून कुणी जात नाही. रविवारी हॉलमध्ये खुर्च्या मांडल्या. मधे आबा, एका बाजूला जाऊबाई, दुसऱ्या बाजूला नवरा आणि समोर लेक. मी चहाचा ट्रे घेऊन उभी. खोलीतली भाडेकरीण दारातून डोकावली आणि हळूच विचारून गेली, मुलगी बघायला आलेत का? हसावं की रडावं कळेना, कारण दिसत तसंच होतं. त्यात जाऊबाईंनी पहिलाच प्रश्न टाकला, स्वयंपाकात काय काय येतं?

लेक पायांकडे बघत बसली होती. मलाही एकदा असंच बसवलं होतं आणि वर बघायचं नाही म्हणून आईनं बजावलं होतं. माझं बघून बघून हीही तेच शिकली असणार. घरात फुकट शिकवलेलं आता पैसे मोजून पुसायचं, असा राग आला मला, आणि तो काढायचा कुणावर तेही कळेना.

मग आबा खाकरले.

"एवढ्या लांब शिकाया जायाचं म्हणतीस. मग लग्नाचं काय?"

हा सराव नव्हता, आबांच्या मनातलंच बाहेर आलं होतं. ते नाही म्हणाले की मुलाखत कितीही चांगली झाली तरी पोरगी घरातच राहणार होती.

लेकीनं मान वर केली. "आबा, दादा बाहेर शिकायला निघाला तेव्हा त्याला हे विचारलं होतं का तुम्ही?"

दादा म्हणजे आबांचाच मुलगा. आबा तिच्याकडे बघत राहिले, आणि तीही त्यांच्याकडे बघत राहिली.

"न्हाई इचारलं," ते शेवटी म्हणाले. "खरं हाय तुजं. बरं, फुडं इचारतो."

खरी मुलाखत ऑनलाइन झाली. बंद दाराआडून मधेच तिच्या हसण्याचा आवाज आला आणि माझा जीव भांड्यात पडला. प्रवेश मिळाला. नवरा त्याचं श्रेय क्लासला देतो, आबा स्वतःला. क्लासला घालावं का, असं बायका मला विचारतात. बाकीचं वाया गेलं असेल बाई, मी सांगते, पण त्या मॅडमच्या एका सूचनेत सगळं वसूल झालं.

निकाल लागला त्या संध्याकाळी आबा आले. पेढा खाल्ला, पाणी प्यायले. मग नवऱ्याला सोडून माझ्याकडे वळले.

"तुला काय वाटतंय? पोरीला धाडायची का?"

लग्न होऊन आल्यापासून या घरात माझं मत त्यांनी कधी विचारलं नव्हतं.

"धाडायची, आबा," मी त्यांच्याकडे बघून म्हणाले.