उजवीकडचा सिंह

आमच्या घरात सोफा आला तो मिरवणुकीने. धुळ्याहून टेम्पो निघाल्याचा फोन आला, पारोळ्याला चहाला थांबल्याचा आला, एरंडोल सोडल्याचाही आला. टेम्पोच्या पुढे दाजींची गाडी. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या नणंदेचे, अक्कांचे यजमान. ते एका शिक्षणसंस्थेचे माजी अध्यक्ष आहेत आणि 'माजी' हा शब्द त्यांनी अजून मनावर घेतलेला नाही. जळगावात आमच्या दारात त्यांनी स्वतः नारळ फोडला, मला सोफ्याला हळदकुंकू लावायला सांगितलं आणि सागवानाच्या प्रकारांवर पाऊण तास बोलले. सोफा त्यांनी आबांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, भेट दिला होता. खास करवून घेतलेला, फारसा न वापरलेला. अक्का त्या दिवशी गप्प होत्या. हे मला फार उशिरा आठवलं.

सोफा राजेशाही होता. मरून मखमल, सोनेरी कडा आणि दोन्ही हातांच्या टोकांना कोरलेली सिंहाची तोंडं. कोरणाऱ्याने सिंह कधी पाहिला नसावा. दोघंही बदलीची ऑर्डर हातात पडलेल्या कारकुनांसारखे दिसत. शाली, श्रीफळं, कमानी यांना हसण्यात माझी बरीच वर्षं गेली आहेत. तरी समोरच्या काकूंनी मखमलीवर हात फिरवला तेव्हा मी अगदी सहज म्हटल्यासारखं म्हणाले, "धुळ्याहून आलाय."

आबा त्यावर एकदाही बसले नाहीत. दाराजवळची प्लास्टिकची खुर्ची त्यांना पुरत होती. दिवाळीनंतर मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी ते गावाहून आले आणि आमच्या आग्रहाने राहिले. त्यांच्याबरोबर शेतावरचा त्यांचा काळा कुत्राही आला. आबा त्याला 'अरे' एवढ्यावरच बोलावतात आणि तो येतो. कपाशीच्या रानात वाढलेला असूनही सोफा येईपर्यंतचे चार महिने तो घरात सभ्यपणे राहिला. पहाटे आबांबरोबर फिरून यायचा, बाकीचा वेळ खुर्चीखाली.

सोफा आल्याच्या तिसऱ्या दिवशी त्याने उजवीकडच्या सिंहावर पाय वर केला. मग रोज एकदा. कधी दोनदा.

मी फिनेलने पुसलं. लिंबाची सालं ठेवली, कापूर ठेवला, व्हिनेगर शिंपडलं. आमच्या कॉलनीत प्रत्येक फाटकाशी लाल पाण्याची बाटली लटकते. ती पाहून कुत्री तिथे घाण करत नाहीत असं सगळे मानतात, आणि त्या बाटल्यांखालीच कुत्री झोपलेली असतात. मी या बाटल्यांना आजवर हसत आले होते. चैत्रातल्या एका दुपारी मी स्वतः कुंकू कालवून बाटली भरली आणि सिंहाच्या पायाशी ठेवली. कुत्र्याने ती हुंगली, तिला धक्का लागणार नाही अशा बेताने वळसा घातला आणि आपलं काम केलं.

त्यात ऊन चढलं आणि कूलर सुरू झाला. कूलर सोफ्यामागच्या खिडकीत. त्यामुळे सिंहापाशी जे घडे ते थंडगार होऊन सगळ्या घराला मिळू लागलं.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, अक्का माहेरी येणार, बरोबर दाजी येणार आणि त्यांच्या सोफ्यावर बसणार. त्या विचाराने माझा धीर सुटला. मी जेवताना जाहीर केलं की आखाजीपर्यंत हे थांबलं नाही तर कुत्रा गावी जाईल. नवऱ्याने ताटात पाहिलं. आबा शांतपणे म्हणाले, "तो जाई, ते मी बी जासू."

त्यांच्या आवाजात राग नव्हता, म्हणून मला जास्त लागलं. गावी त्यांच्या डोळ्यांत वेळेवर थेंब घालणारं कोणी नव्हतं. पण बोललेला शब्द मागे घ्यायची सवय मला नाही. शाळेत तीस वर्षं शिकवलं की ती राहत नाही.

दुसऱ्या दिवशी आबा कुत्र्याला गुरांच्या दवाखान्यात घेऊन गेले. माणसांच्या डॉक्टरांपेक्षा त्यांचा तिथल्या डॉक्टरांवर विश्वास आहे. दोन म्हशींच्या मध्ये डॉक्टरांनी एकच प्रश्न विचारला, हा आणखी कुठे करतो का? दिवाण, कपाट, आबांची खाट? नाही, फक्त सोफा. मग ते म्हणाले, "मग कुत्रा कशाला आणला, बाबा? सोफा आणायचा."

आबांनी घरी येऊन हे सांगितलं तेव्हा मला तो थट्टेचा प्रकार वाटला. आबांना नाही वाटला. ते आधी सिंहाकडे, मग कुत्र्याकडे बोट दाखवून म्हणाले, "तठे आधीच कोन्हं तरी नाव लिखेल शे. हाऊ त्याना वर आपलं लिखस." आणि फिनेलने वास आपल्या नाकातून जातो, कुत्र्याच्या नाही, हेही डॉक्टरांनी सांगितलं होतं.

आता कोणालाही कळलं असतं. मलाही कळायला हवं होतं, कारण दाजींकडे लॅब्रॅडॉर आहे. पण तो पुण्याहून आणलेला, पणजोबापर्यंतच्या वंशावळीचं सर्टिफिकेट असलेला. ते सर्टिफिकेट दिवाणखान्यात दाजींच्या सत्काराच्या फोटोशेजारी फ्रेम करून लावलंय. असा कुत्रा सोफ्यावर पाय वर करेल हे माझ्या मनातच आलं नाही. इतकी वर्षं मी मोठेपणाला हसले, आणि एका कुत्र्याच्या मोठेपणापुढे मान तुकवून बसले.

आखाजीच्या सकाळी आबांच्या खुर्चीखाली कुत्र्याशेजारी एक कापडी पिशवी दिसली. धोतर, टॉवेल, डोळ्यांच्या थेंबांची बाटली.

दहा वाजता पाहुणे आले. अक्का पदर खोचून थेट स्वयंपाकघरात शिरल्या. खापरावरची पुरणपोळी त्यांच्यासारखी आमच्याकडे कोणाला जमत नाही. हातावर पोळी फिरवत, वाढवत, कोपरापर्यंत आल्यावर त्यांनी ती खापरावर टाकली आणि मान वर न करता विचारलं, "एक सांग. उजव्या सिंहावरच करतो ना?"

माझ्या हातातली आंब्याची कोय रसात पडली. "तुम्हाला कसं कळलं, अक्का?"

"दोन वर्षं मीच पुसलाय गं तो."

मग सगळं बाहेर आलं. आपला लॅब्रॅडॉर असं करतो हे दाजी मान्यच करत नव्हते. शेजाऱ्यांचं मांजर करतं, असं त्यांनी कॉलनीच्या बैठकीतही मांडलं होतं. शेवटी वास असह्य झाला तेव्हा त्यांना सासऱ्यांची आठवण झाली. आबांना नका देऊ, असं अक्का म्हणाल्या होत्या. "तर म्हणे, त्यांचा कुत्रा गावठी आहे, त्याला काय कळतंय."

आम्ही दोघी तोंडाला पदर लावून हसलो. पोळी करपली.

रस घेऊन बाहेर आले तर दाजी सोफ्यावर बसून आबांना सागवान समजावत होते. अगदी डाव्या टोकाला. सोफा आणला त्या दिवशीही ते तिथेच बसले होते. मी वाट्या ठेवल्या, खुर्चीखालची पिशवी उचलली आणि म्हटलं, "आबा, ही आत ठेवते."

आबांनी कुत्र्याकडे पाहिलं. "आनि हाऊ?"

"तोही राहील. माझंच चुकलं. गावी सोफा जाईल."

दाजींचा चमचा थांबला. इतका सुंदर सोफा शेतातल्या खोलीत, असं काहीतरी त्यांनी सुरू केलं. स्वयंपाकघराच्या दारातून अक्का म्हणाल्या, "आबांनाच दिलाय ना? त्यांच्या शेतावर शोभेल. मांजरंही नाहीत तिथे." दाजींनी रस संपवला आणि आणखी मागितला.

पुढच्या रविवारी टेम्पो आला. सोफा चढवल्यावर नवऱ्याने विचारलं, नारळ फोडायचा का? मी म्हटलं, फोडायलाच हवा. आबांनी स्वतः फोडला आणि खोबऱ्याचा पहिला तुकडा खुर्चीखाली दिला.