माझ्या आवाजाचा नमुना

स्पीकरमधून माझा आवाज आला आणि पूर्ण हॉल हसला. माझी आईही हसली.

अमरावतीच्या त्या इंग्रजी क्लासचा पालक मेळावा होता. क्लासमध्ये बारा कॉम्प्युटर. हेडफोन लावून बोललं की पडद्यावर दोन रेषा उमटत. वरची इंग्रज साहेबाच्या उच्चाराची, खालची आपली. किती जुळल्या ते बघून मशीन शंभरपैकी मार्क देई. पहिल्या दिवशी मला अकरा पडले. मशीनवर माझा राग नाही. ते मार्क देऊन गप्प बसायचं. क्लास चालवणारे सर गप्प बसत नसत.

त्या दिवसाचं माझं बोलणं त्यांनी जपून ठेवलं होतं. "माय मदर वर्क्स इन जिनिंग फॅक्टरी." आमच्या चांदूर बाजारच्या तोंडाचं इंग्रजी. दर नव्या बॅचला ते ऐकवत. पोरं दात काढत. मी मागच्या बाकावर बसून ऐकायचे. तोंड दाबून बुक्क्यांचा मार. कारण सर्टिफिकेट सरांच्या सहीनं निघणार होतं, आणि त्यावर अकोल्याची नोकरी ठरली होती. कापूस पिकवणारे गावोगाव जीव देत होते तेव्हा. कापसातली सरकी काढणारं आईचं जिनिंगही कधी चालू, कधी बंद. माझ्या नोकरीवर घरची चूल पेटणार होती.

मेळाव्याला आई कामावर अर्ध्या दिवसाचा खाडा करून आली. केसांत कापूस तसाच.

सर माइकवर म्हणाले, "असा कच्चा माल येतो आमच्याकडे. आता हीच मुलगी, तीन महिन्यांनंतर ऐका."

दुसरा आवाज लागला. सफाईदार. तो सरांच्या पुतणीचा होता, कॉन्व्हेंटमध्ये शिकलेल्या. क्लासमध्ये सगळ्यांना ठाऊक होतं. टाळ्या पडल्या.

आईनं मला कोपरानं ढोसलं. "कोनाची पोरगी व्हय वं ते? पयले कशी बोलत होती, बिचारी."

अंगाची आग झाली. स्वतःच्या लेकीवर, स्वतःच्या कामावर हसायला लावलं होतं तिला या माणसानं. तिला कळूही न देता.

"मीच व्हय, माय."

तिनं पदर तोंडाला लावला. मी उठून स्टेजवर गेले. सर दबक्या आवाजात म्हणाले, "खाली बस. सर्टिफिकेट नको का?"

मी माइक ओढला. "पयला आवाज माहा हाय. दुसरा माहा नाही. सरच्या पुतणीचा व्हय."

मग त्यांच्या डोळ्यांदेखत स्टेजवरच्या कॉम्प्युटरमधली माझ्या आवाजाची फाइल पुसली. एक पालक म्हणाला, "पोरीले लाजच नाही." बाकीचे पायांकडे बघत बसले.

सर्टिफिकेट मिळालं नाही. नोकरी गेली. घरी आल्यावर आईनं केसांतला कापूस झाडला. मग म्हणाली, "मले कायले नेलं होतं तिथं?"

इंग्रजी मी सोडणार नाही. पण कुणाच्या पायाशी बसून शिकणार नाही. माझ्या आईला माझ्यावर हसवणारा जो भेटेल, त्याला चारचौघांत खोटा पाडीन. नोकरी गेली तरी. पुन्हा गेली तरी.