हन्नाबाईंनी बसवलेला डायनॅमो

पाथर्डीच्या पुढे, माळावरच्या एका छोट्या दवाखान्यात हन्नाबाई नर्स होत्या. बहात्तर साली पावसानं दगा दिला आणि दवाखान्यासमोरच खडी फोडायचं दुष्काळी काम निघालं. तेव्हापासून बाईंना उसंत नव्हती. दवाखान्याची जुनी जीप शांतवनकाका चालवत. त्यांनी हौसेनं बाईंनाही ती चालवायला शिकवली होती.

पुढच्या उन्हाळ्यात जीपचा डायनॅमो गेला. बॅटरी भरेना, म्हणून काका हँडल मारायला गेले, तर हँडल उलटं फिरून त्यांचं मनगटच मोडलं. डायनॅमो नगरहून दुरुस्त होऊन आला, पण बसवणारा मिस्त्री लग्नाला गेला होता.

त्यातच एका सकाळी खडी फोडणाऱ्या लंकाबाईला बायांनी धरून आणलं. आठवा महिना, तोंड सुजलेलं, डोळ्यांपुढे अंधारी. रक्तदाब फारच चढलेला बघून बाई ताडकन उठल्या. तिला नगरच्या मोठ्या दवाखान्यात न्यायलाच हवं होतं, पण एसटी निघून गेली होती.

"काका, डायनॅमोशिवाय जीप नगरला जाईल?"

"न्हाई, बाई. पट्टा त्याच्यावरच ताणत्यात. पट्टा न्हाई तर इंजिन गार ठेवणारा पाण्याचा पंप फिरत न्हाई. करंजीच्या घाटात इंजिन तापून जाम हुईल."

"मग तुम्ही सांगा. मी बसवते."

लंकाबाईला इंजेक्शन देऊन, दवाखान्यातल्या आयाला तिच्याजवळ बसवून बाईंनी पदर खोचला. डायनॅमो चांगलाच जड होता. एका हातानं तो तोलून दुसऱ्या हातानं बोल्ट घालताना बोटं सोलली. दोनदा तो निसटला. तिसऱ्यांदा त्यांनी खाली लाकडी खोका सरकवला आणि बोल्ट बसला. पट्टा चढवला, पहारीनं डायनॅमो मागं रेटून तो ताणला, तारा जोडल्या.

"हँडल धरताना अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवा. न्हाईतर माझ्यावानी हुईल," काका म्हणाले.

तिसऱ्या हिसक्याला इंजिन धडधडलं. पण चार्जिंगचा काटा हलेना.

"ऱ्हाऊ द्या, बाई. लई केलंत."

"बॅटरी वाटेत बसली तर लंकाबाईला घाटात उतरवू का?"

त्यांनी इंजिन बंद केलं आणि परत वाकल्या. दुरुस्त करणाऱ्यानं डायनॅमोला नवा काळा रंग फासला होता, अगदी तो इंजिनाच्या लोखंडी पट्टीवर टेकतो तिथंही.

"काका, रंगामुळं लोखंडाला लोखंड लागत नसेल का?"

"व्हय की! 'अर्थ' मिळत नसंल, करंटला परतायला वाटच न्हाई. खरवडा."

केलेलं सगळं पुन्हा सोडायचं होतं. बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं, ते त्यांनी दंडाला पुसलं आणि पाना उचलला. कानशीनं रंग खरवडून डायनॅमो परत चढवला. या वेळी काटा सरकला.

लंकाबाईला मागं गादीवर निजवलं, आया उशाशी बसली. जीप बाईंनीच चालवली. घाटातली वळणं त्यांनी खालच्या गिअरमध्ये सावकाश घेतली. काका शेजारी बसून नुसते काट्याकडे बघत होते.

नगरच्या दवाखान्यात त्याच दुपारी लंकाबाईला मुलगी झाली. मुठीएवढी, पण खणखणीत रडणारी. आईची सूज उतरायला मात्र बरेच दिवस लागले. बाईंनी हात धुतले, वंगण काही निघालं नाही. तशाच हातांनी त्यांनी पोर उचलून घेतली आणि शांतवनकाकांना दाखवायला बाहेर आल्या.