सहाच्या क्लासचा व्हिडिओ

मी घ्यायचे ती जिममधली बायकांची बॅच बंद झाली आणि माझी नोकरी गेली. तेव्हा मी नुकतीच चाळिशी ओलांडली होती. नवरा म्हणाला, "आता बस की जरा घरी." मला बसवेना. सुरतेच्या डिंडोलीत आमच्या घरामागं बाग आहे. तिथं सकाळी सहाला बायकांसाठी व्यायामाचा क्लास काढायचं मी ठरवलं. चार चटया, दोन दोऱ्या आणि शाळेत खो-खो खेळताना कमावलेला आवाज, एवढंच भांडवल.

मराठी-गुजरातीत हँडबिलं छापून दारोदार फिरले. आमच्या भागात बहुतेक खानदेशची माणसं. पुरुष लूमवर नाहीतर मिलमध्ये, बायका घरी साड्यांवर खडे चिकटवतात. दिवसभर मान खाली. ज्यांना गरज, त्याच म्हणायच्या, "आमचा काय कमी व्यायाम होतो का ताई?" गुजराती बायका आधी विचारत, "फ्री छे?" पहिला आठवडा फुकट ठेवला तेव्हा चौदा जणी आल्या. दुसऱ्या आठवड्यात सात उरल्या. पुढं तीन महिने सातच. नवं कुणी येईल म्हणून मी बागेच्या फाटकाकडे तोंड करून उभी राहायचे.

त्या सातांत अमळनेरकडची एक सून होती. पंचविशीची असेल. सुरुवातीला पदर डोक्यावरून ढळू न देता हात वर करायची, त्यामुळे एकच हात वर जायचा. महिनाभरात तिनं पदर कमरेला खोचला. पळायला लावलं की सगळ्यांच्या पुढं. एकदा घरी जाताना म्हणाली, "कंबरले आराम पडना ताई." मला त्या दिवशी काही खावंसं वाटलं नाही, पोट भरल्यासारखं झालं होतं.

पण सातांवर क्लास चालत नाही. भाची म्हणाली, "मावशी, हँडबिलं कोण वाचतं? व्हिडिओ टाक." मग एका सकाळी फोन कट्ट्यावर टेकवून मी चालू केला. सून थबकली.

"मी दिसते का त्यात?"

"पाठमोरी आहेस," मी म्हटलं.

तेव्हा ते खरंच होतं. पण शेवटच्या फेरीत ती सगळ्यांना मागं टाकून आली, वळली आणि तोंड उघडून हसली. घरी व्हिडिओ बघताना ते हसू मला दिसलं. कापता आलं असतं. दोनदा बोट तिथवर गेलं. पण बाकीच्या व्हिडिओत होतं काय? सहा दमलेल्या बायका. लोक येतील तर या हसण्यानंच येतील, हे मला कळत होतं. मी ते ठेवलं आणि माझा नंबर घालून व्हिडिओ नेटवर टाकला. तिला विचारलं नाही, कारण ती नको म्हणेल हेही कळत होतं.

दुसऱ्या दिवशी नऊ बायकांचे फोन आले. इतके आजवर कधीच आले नव्हते. त्याच सकाळी ती आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. मी तिच्या घरी गेले.

सासूनं दार उघडलं, पाणी दिलं. आवाज चढवला नाही. म्हणाली, "व्हिडिओ फिरत फिरत गावाला गेला. माझ्या थोरल्याचा, तिच्या जेठाचा फोन आला. सुरतेला संसाराला पाठवली का नाचायला, म्हणे. चार माणसांत वाचून दाखवलं त्यानं, खाली लोकांनी काय काय लिहिलंय ते."

"मी काढून टाकते. आत्ताच काढते."

"काढा. आता काय उपेग?"

आतल्या खोलीत सून साडीवर वाकून खडे चिकटवत होती. मी तिला हाक मारली. तिनं मान वर केली नाही. सासू म्हणाली, "आता नको, ताई." मी उठले.

व्हिडिओ मी काढला, पण या फोनवरून त्या फोनवर पसरलेला तो कुणाकुणाकडून काढणार? नऊपैकी पाच जणी आल्या. त्यातल्या एकीनं पहिल्याच दिवशी विचारलं, "ती हसणारी बाई कुठंय?" मी म्हटलं, गावाला गेलीय. जुन्या सहा जणींना खरं ठाऊक होतं. मी खिशातून नुसतं घड्याळ बघायला फोन काढला तरी त्या पदर सावरायच्या. एकेक करत त्या थांबल्या. नव्या तर त्याआधीच पांगल्या. शेवटचे आठ दिवस मी एकटीच चटई घालून सातपर्यंत थांबले. नवव्या दिवशी गजर वाजला, तो बंद केला आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिले.

चार-पाच महिन्यांनी ती मला भाजीबाजारात दिसली. मी तोंड चुकवणार होते, पण तीच जवळ आली.

"ताई, क्लास चालू आहे ना?"

"आहे," मी खोटं बोलले.

तिचा चेहरा सैल झाला. "बरं झालं. मला वाटायचं, माझ्या हसण्यामुळं बंद पडला."

तिची काही चूक नव्हती, एवढं तरी मी म्हणायला हवं होतं. मी पाठमोरी म्हटलं होतं, आणि ते हसू मी जाणून ठेवलं होतं, हे सांगायला हवं होतं. शब्द तोंडाशी आले. मागून तिची सासू येत होती. मी पिशवी उचलली आणि पुढच्या गाडीवरची वांगी निवडू लागले.