शेजारच्या गाळ्यातले हातमोजे

वसईत माझ्या शेजारच्या गाळ्यात एक जण होता, तोही माझ्यासारखाच कॅसेटींवर नावं छापायचा. राहायला जूचंद्रला. काम करताना सतत गुणगुणायचा.

उन्हाळ्यात माझी शाई छपाईच्या जाळीतच सुकायची, त्याची कधीच नाही. खरं तर शाई हळू सुकावी म्हणून दोघंही ब्युटाइल ग्लायकॉलच घालायचो, एकाच दुकानातलं. ते पाण्यातही मिसळतं आणि तेलकट शाईतही. हा माणूस तसाच, गाळामालकापासून चहावाल्यापर्यंत सगळ्यांत मिसळलेला. मला ते बघवायचं नाही.

त्याचे रबरी हातमोजे कोपरापर्यंत यायचे. मी त्याला 'डॉक्टर' म्हणून चिडवायचो. माझी बायको त्याच ग्लायकॉलने उघड्या हातांनी जाळ्या पुसायची.

एकदा ती डोकं धरून बसलेली त्याला दिसली.

"हां बघा वहिनी, वास गोडसर हाय म्हनून फसू नका. कातडीतून आत जातं ते. खिडकी उघडी ठेवत जा."

त्याने स्वतःचे हातमोजे काढले, साबणाने धुतले आणि तिच्यापुढे ठेवले.

दुसऱ्याच दिवशी मी तिच्यासाठी नवे, महागातले हातमोजे आणले. तिने ते खुंटीला टांगले. घातले त्याचेच. आणि जाळी पुसता पुसता गुणगुणायला लागली.