टेबलापलीकडची विशाखा

प्रज्ञाचा फोन आला तेव्हा मी पोहे भिजवत होते. प्रज्ञा म्हणजे विशाखाची मुलगी, पार पश्चिम किनाऱ्यावर, बेलव्ह्यूला असते. आमच्याकडे आठ म्हणजे तिच्याकडे पहाटेचे पाच, हे माझ्या डोक्यातही आलं नाही. मी आपली नेहमीसारखी सुरू झाले, "काय गं, आज सूर्य कुठून उगवला? आई परवाच म्हणत होती..." पलीकडून ती एवढंच म्हणाली, "मावशी, आई इज गॉन." आदल्या संध्याकाळी विशाखाच्या छातीत दुखायला लागलं. घरात एकटीच. तिने स्वतःच अँब्युलन्सला फोन केला, पुढचं दार उघडून ठेवलं आणि सोफ्यावर जाऊन बसली. माणसं आत आली तेव्हा टीपॉयवर औषधांची यादी, विम्याचं कार्ड आणि मुलीचा नंबर ओळीने मांडून ठेवलेला होता. जाताना सुद्धा बाईने कागदपत्रं पूर्ण केली! हे ऐकून मला रडू यायच्या आधी हसू आलं, आणि मग जे रडू आलं ते काही थांबेना. पोह्यांचा पार लगदा झाला.

विशाखा मेश्राम नागपूरची. इथे डब्लिनमध्ये, म्हणजे ओहायोतल्या आमच्या या गावात, हॉस्पिटलच्या लॅबमध्ये तिने उभी हयात काढली. नवरा लवकर गेला, मुलगी एकटीने वाढवली. मी कोल्हापूरची. माझ्या जिभेला हाड नाही हे मी सांगायची गरज नाही, आमच्या मंडळात विचारा कोणालाही. माझ्या कानावर पडलेली गोष्ट संध्याकाळपर्यंत चार घरी पोचलेली असते. आणि विशाखाच्या कानावर पडलेली गोष्ट तिथेच संपायची. आम्हा दोघींची मैत्री कशी टिकली, याचं लोकांना नवल वाटायचं. मलाही वाटतं. ती मला शेवटपर्यंत 'वहिनी' म्हणायची, 'अहो जाहो' करायची, आणि मी मात्र पहिल्या भेटीतच 'अगं तुगं'वर आले होते.

ती निवडणुकीचं काम करायची. इथे मतदान केंद्रावर गावातलीच माणसं बसतात, नाव शोधतात, सही घेतात, मतपत्रिका देतात. पहाटे काळोखात जायचं, शपथ घ्यायची आणि रात्री मोजदाद करून, खोकी सील करून घरी. राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीला हौसेने पुष्कळजण येतात या कामाला. पण विशाखा प्रायमरीलाही जायची, जेव्हा केंद्रात माणसांपेक्षा खुर्च्या जास्त असतात. मी तिला चिडवायची, "दिवसभर माश्या मारायला कशाला जातेस गं?" ती म्हणायची, "एक जरी आला ना वहिनी, तरी कोणीतरी बसलेलं पाहिजे."

प्रायमरी म्हणजे काय ते सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आपल्याकडे पक्षाचं तिकीट कोणाला द्यायचं हे वरची मंडळी ठरवतात. इथे ते साधे मतदार ठरवतात, खऱ्या निवडणुकीच्या काही महिने आधी. गव्हर्नरपासून (आपल्याकडचे मुख्यमंत्री समजा) खालपर्यंत प्रत्येक पक्षाचे उमेदवार त्या दिवशी ठरतात. आणि आमच्या राज्यात रीत अशी, की टेबलाशी उभं राहून तुम्ही सांगायचं, मला अमक्या पक्षाची पत्रिका द्या. आत जाऊन खूण कोणावर केली ते देवाला माहीत, पण पक्ष मात्र सांगावा लागतो. मागे रांगेत कोण आहे? शेजारी आहे, मंडळाचा खजिनदार आहे, नवरा आहे... सांगा!

आमचे डॉक्टर, म्हणजे माझे यजमान, एका पक्षाचे कट्टर. कुठल्या ते मी लिहिणार नाही, विशाखाला ते आवडलं नसतं. जेवणाच्या टेबलावर सुरू झाले की भाजी गार होईपर्यंत बोलायचे. मी सिटिझन झाल्यापासून दर निवडणुकीला ते मला एका चिठ्ठीवर नावं लिहून द्यायचे आणि मी ती पर्समध्ये घालून न्यायची, वाण्याची यादी न्यावी तशी. त्यात मला काही वावगंही वाटत नव्हतं, खोटं कशाला बोलू! पण एका वर्षी लायब्ररीत एका बाईंचं भाषण ऐकलं. राज्यपातळीच्या एका पदासाठी उभ्या होत्या, दुसऱ्या पक्षाकडून. पूर्वी शाळेत शिकवायच्या. बोलताना कागद खाली पडले तर त्या हसल्या आणि न बघताच बोलत राहिल्या. घरी येऊन मी ठरवलं, मत देईन तर हिलाच. माझं पहिलं, स्वतःच्या डोक्याने ठरवलेलं मत. पण त्यासाठी त्यांच्या पक्षाची पत्रिका मागायला हवी.

मे महिना होता. चर्चच्या हॉलमध्ये आमचं केंद्र. टेबलापलीकडे विशाखा, गळ्यात बिल्ला, आणि माझ्या मागे हातभर अंतरावर डॉक्टर. तिने मला ओळख न दाखवता आयडी मागितलं, सही घेतली आणि विचारलं, कोणती पत्रिका हवी? ओहो, काय सांगू... जन्मभर टकळी चालवलेली मी, माझ्या तोंडातून आवाज फुटेना. मग मी डॉक्टरांच्या पक्षाचं नाव घेतलं. विशाखाने पत्रिका दिली, मी चिठ्ठीवरच्या नावांना खुणा केल्या आणि घरी येऊन ड्रायरमधले कपडे घडी करताना रडले. त्या बाई हरल्या. माझ्या एका मताने जिंकल्या नसत्या, पण मी त्यांना दगा दिला असं मला वाटत राहिलं.

त्या दिवसाबद्दल विशाखा कधी अवाक्षर बोलली नाही. पण काही दिवसांनी आम्ही फिरायला गेलो असताना, पावसापाण्याच्या गप्पा चालल्या होत्या, त्यात मध्येच म्हणाली, "बोललंच पाहिजे असं नसते बरं, वहिनी. टेबलावर पक्षांच्या नावांचा एक जाड कागद असते. त्यावर बोट ठेवलं तरी चालते." आणि पुन्हा पावसावर आली.  मी न राहवून विचारलं, तुला या सगळ्याचं एवढं काय गं? तेव्हा तिने आजीचं सांगितलं. गावात आजीला विहिरीवर चढू देत नव्हते, पण पहिल्या मतदानाला ती रांगेत उभी होती आणि पाटलीणबाई तिच्या मागे. नंतर पाटलाने वाड्यावर बोलावून विचारलं, मत कोणाला दिलंस? दम भरला, काम बंद करीन म्हणाला, केलंही. "आजीनं सांगितलं नाही. मला पण नाही सांगितलं, मरेपर्यंत," विशाखा हसत म्हणाली, "आणि मी तर तिची लाडकी होती."

पुढच्या प्रायमरीला मी बोट ठेवलं. मी कागदाकडे हात नेला तशी विशाखाने मान खाली घातली, पेनाचं टोपण काढलं, लावलं आणि बरोब्बर हवी ती पत्रिका माझ्या हातात दिली. चेहऱ्यावरची सुरकुती हलली नाही. मी हॉलमधून बाहेर आले ती तरंगतच. चिठ्ठी पर्समध्ये तशीच घडी केलेली होती.

पण एक भानगड मला ठाऊक नव्हती. कुठली पत्रिका घेतली याची सरकारदरबारी नोंद राहते आणि ती पक्षांना मिळते. शरद ऋतूत माझ्या नावाने त्या पक्षाची गुळगुळीत रंगीत पत्रकं घरी यायला लागली! मग काय, डॉक्टरांच्या आधी मेलबॉक्स गाठायचा, हा माझा रोजचा उद्योग. एकदा मात्र चुकले. डॉक्टर पत्रक हातात घेऊन आत आले, "हे तुझ्या नावाने कसं?" मी म्हटलं, "जंक मेल हो, सगळ्यांनाच येतं." त्यांनी ते कचऱ्यात टाकलं आणि मला वाटलं, सुटले.

त्या दिवाळीनंतर विशाखा आमच्याकडे यायची बंद झाली. दोन वर्षं. फोन करायची, बाहेर भेटायची, पण घरी म्हटलं की, "कामं आहेत वहिनी." डॉक्टर म्हणायचे, त्यांना वेळ नसेल. मला राग आला. मी चार घरी बोलून दाखवलं की बाई हल्ली शिष्ट झाली आहे. तिच्या तोंडावरही बोलले एकदा. ती म्हणाली, "चुकलंच माझं." बस, एवढंच.

मग डॉक्टरांच्या खुब्याचं ऑपरेशन झालं आणि नेमकी प्रायमरी आली. चालता येईना, तर इथे गाडीपाशी पत्रिका आणून देतात. दोन वेगवेगळ्या पक्षांची दोन माणसं एकत्र यावी लागतात. विशाखा आली आणि तिच्यासोबत एक उंच म्हातारे गृहस्थ. मी स्टिअरिंगवर, डॉक्टर शेजारी. विशाखाने खिडकीतून त्यांचं आयडी पाहिलं आणि मग मला म्हणाली, "वहिनी, तुम्ही जरा गाडीतून उतरता का?" मी म्हटलं, "का बाई? नवरा आहे माझा, त्याची कुठली पत्रिका ते साऱ्या गावाला माहीत आहे!" ती म्हणाली, "दोन मिनिटं, वहिनी." वारा असा बोचरा की विचारू नका. पार्किंगच्या कडेला झुडपांची एक रांग आहे, तिथे मी हाताची घडी घालून, तणतणत उभी राहिले. त्यानंतर आठवड्याभरात डॉक्टर आपणहून म्हणाले, "विशाखाबाईंना जेवायला बोलाव." ती आली, वांग्याचं भरीत खाल्लं, जणू मधली दोन वर्षं झालीच नव्हती. का गेली आणि का आली, मला पत्ता नाही. मी ते नेहमीप्रमाणे माझ्याच गोड बोलण्याच्या खात्यावर जमा केलं.

खरं काय ते कळलं तिच्या शोकसभेहून परत येताना. बुद्धवंदना झाली होती, प्रज्ञाने सगळ्यांना आईचं एकेक झाड दिलं होतं, आमच्या वाटेची तुळस माझ्या मांडीवर होती. गाडी घराच्या ड्राइव्ह-वेमध्ये लावली तरी डॉक्टर उतरेनात. म्हणाले, "मी तिला विचारलं होतं. त्या दिवाळीला, इथेच, ती गाडीत बसत असताना. म्हटलं, माझी बायको कुठली पत्रिका घेते?" मी गार पडले. "ती म्हणाली, नोंद निवडणुकीच्या ऑफिसात मिळते डॉक्टरसाहेब, तिथे मागा. मी नाही सांगणार. मी म्हटलं, अहो, नवरा आहे मी तिचा. तर म्हणाली, माहीत आहे. पण टेबलावर त्या एकट्याच येतात."

मी विचारलं, मग? डॉक्टर समोर गॅरेजच्या दाराकडे बघत होते. "मग मी बोललो. एवढे नियम पाळायचेत तर आमच्याकडे जेवायला कशाला येता, असं म्हणालो मी तिला." जेवणावरून बोलले. तेही तिला, त्या आजीच्या नातीला! मला त्यांच्याकडे बघवेना. आणि माझं तरी काय? माझं बोट लपवलं म्हणून तिला आमचं दार बंद झालं, आणि मी तिला शिष्ट म्हणत गावभर फिरले. एका वाक्यात ती मला सांगू शकली असती. "चुकलंच माझं" म्हणाली... देवा रे. माणूस एवढं पोटात ठेवून आपल्या समोर भरीत कसं खातं? मी त्यांना विचारलं, मग ऑफिसात जाऊन नोंद मागितलीत का? "नाही," ते म्हणाले, "जायचं म्हणून निघालो, अर्ध्या वाटेतून परत आलो. आणि मग त्या दिवशी तिने तुला गाडीतून उतरवलं ना, तेव्हा मला कळलं, ती माझंही तसंच राखतेय."

गेल्या पंधरवड्यात प्रायमरी झाली. चर्चचा तोच हॉल, तेच टेबल, विशाखाच्या खुर्चीत कोणी एक तरुण मुलगी, नवीनच असावी, फार हसत होती. पक्षांच्या नावांचा तो जाड कागद तिथेच होता, एक कोपरा चिकटपट्टीने जोडलेला. माझ्या मागे डॉक्टर, काठी टेकत. चिठ्ठी त्यांनी लिहिली नव्हती, मी मागितलीही नव्हती. मुलीने विचारलं, कोणती पत्रिका? माझा हात सवयीने कागदाकडे गेला. मग मी तो मागे घेतला आणि मोठ्याने, पार दारापर्यंत ऐकू जाईल अशा माझ्या कोल्हापुरी आवाजात पक्षाचं नाव घेतलं. 

मत देऊन परत फिरले तर डॉक्टर अजून टेबलाशीच होते. सही करून झाली होती आणि ती मुलगी त्यांना तोच प्रश्न विचारत होती. मला बघून ते म्हणाले, "अगं, थांब ना. ऐकलंस तरी चालेल मला."

माझ्यासारख्या बाईला! इतकी वर्षं दारं-खिडक्यांना कान लावलेली मी! पण माझे पाय थांबले नाहीत. मी बाहेर गेले, पार्किंगच्या कडेच्या त्या झुडपांपाशी, आणि ते येईपर्यंत तिथे हाताची घडी घालून उभी राहिले.